येडी बाभळ काढा, पण लांडग्याचा महिना बघून

सोलापूर : माळरानावरची परदेशी झाडं काढून तिथं पुन्हा गवत आणायचं, याला आता कुणाचा फारसा विरोध उरलेला नाही. वन विभाग तेच म्हणतो, पक्षीमित्र तेच म्हणतात, मेंढपाळ तर कधीपासून म्हणत आलेत. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात गिरिपुष्पाची जुनी रोपवनं काढण्याचं काम झालेलंही आहे. अडतंय ते पुढच्या प्रश्नावर. झाडं कोणत्या महिन्यात काढायची, एका वेळी किती काढायची, आणि त्या झुडपात आज जे जनावर राहतंय त्याचं काय करायचं? कारण ज्या माळढोकासाठी ही सफाई करायची तो इथून जवळजवळ गेलाय. आणि ज्याचा निवारा त्या झुडपात आहे तो लांडगा अजून इथंच आहे.

झाडं आली कशी

1972 च्या दुष्काळानंतर अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रम आला. लोकांच्या तोंडी तो 'डीपीएपी'. त्यात माळाचे तुकडे राखले गेले, चराई थांबली आणि गवत गुडघ्याला लागलं. नान्नजच्या अशाच माळावर माळढोक नजरेत भरला आणि 1979 मध्ये अभयारण्य जाहीर झालं. गंमत अशी की गवत राखून जिथं पक्षी टिकला, त्याच प्लॉटमध्ये गिरिपुष्पाची झाडंही लावली गेली. त्या काळी 'विकास' म्हणजे झाड, असंच समीकरण होतं. माळ उघडा दिसला की तो ओसाड आहे, असं धरून चालायचं.

गिरिपुष्प हे मध्य अमेरिकेतलं झाड. शेतकऱ्याच्या बांधावर ते कामाचं आहे, त्याबद्दल वाद नाही. पाला जमिनीत गाडला की नत्र मिळतं, फांदी खोचली तरी जगते, वास उग्र असल्यानं जनावरं सहसा तोंड लावत नाहीत. पण बांधावरचे हेच गुण माळावर दोष होतात. कुंपणाशिवाय जगतं म्हणून ते रोपवनाला सोयीचं ठरलं आणि सावली दाट पडते म्हणून खालचं गवत गेलं.

येडी बाभळ, म्हणजे वेडी बाभूळ, त्याहून जुनी. अमेरिका खंडातून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती भारतात आणली गेली. तिला कुणी लावायची गरज पडत नाही. शेंगा गोड, शेळ्या-मेंढ्या त्या आवडीनं खातात, काळवीटही खातं. बी पोटातून सुखरूप बाहेर पडतं आणि लेंडीसोबत खत घेऊनच मातीत जातं. ओढ्याकाठी, कॅनॉलच्या कडेनं, उजनीच्या फुगवट्याच्या काठानं आणि गायरानात ती कशी पसरली हे करमाळा-माढ्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही.

त्यावर 2016 पासून राज्याची मोठी वृक्षलागवड मोहीम झाली. पहिल्या वर्षी 2 कोटी, मग 4 कोटी, मग 13 कोटी आणि 2019 ला 33 कोटी झाडांचं उद्दिष्ट. झाडं लावायला जागा लागते आणि डोंगर-जंगलात ती नसते. मग डोळ्यासमोर येतो तो माळ. सरकारी नकाशात बरंच गवताळ रान 'पडीक' या खात्यात टाकलेलं असतं. त्यामुळे कागदावर तरी तिथं समतल चर खोदून रोप लावणं हे पुण्याचंच काम ठरतं. एका योजनेतून माळावर झाड लावायचं, दुसऱ्या योजनेतून माळावरचं झाड काढायचं, आणि दोन्हीचा खर्च एकाच तिजोरीतून. यावर तालुक्याच्या ठिकाणी चहाच्या टपरीवर हसणारे हसतात, पण त्यात हसण्यासारखं फार नाही.

माळढोकाला मोकळं रान लागतं

झाडं काढायचं कारण पक्कं आहे. माळढोक हा उडणाऱ्या पक्ष्यांत सगळ्यात वजनदार असलेल्यांपैकी एक. नर 15 किलोच्या आसपास भरतो. मादी उघड्या जमिनीवर सहसा एकच अंडं घालते. तिला लांबवर दिसलं पाहिजे. झाड आलं की त्यावर कावळा बसतो, शिकारी पक्षी बसतो. झुडूप आलं की आडून कुत्रं येतं. एकच अंडं असणाऱ्या पक्ष्याला हे परवडत नाही. दख्खनच्या माळावर त्याचा विणीचा काळ पावसाळ्याचा, म्हणजे पेरणी-खुरपणीच्या धांदलीचाच.

आज देशात माळढोक साधारण दीडशेच्या घरात उरलेत आणि त्यातले बहुतेक राजस्थानात, जैसलमेरच्या बाजूला. तिथं 2019 पासून बंदिस्त प्रजननाचा प्रयोग चालू आहे. सोलापुरात एखादा पक्षी दिसला तरी त्याची बातमी होते, एवढं ते दुर्मिळ झालंय. त्याला फक्त झाडंच जबाबदार आहेत असं म्हणणं चुकीचं. विजेच्या तारा आहेत, पाणी आल्यावर माळावर आलेला ऊस आहे, द्राक्षबाग आहे, मोकाट कुत्री आहेत.

आणि लोकांचा राग आहे, तोही हिशेबात धरावा लागेल. सुरुवातीचं अभयारण्य तब्बल 8,496 चौरस किलोमीटरचं होतं. सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले तालुकेच्या तालुके त्यात आले, गावठाणं, बाजारपेठा आणि बागायतीसकट. जमिनीच्या व्यवहाराला, बांधकामाला परवानग्यांचा ससेमिरा लागला. 'माळढोक आला आणि जमीन अडकली' ही भावना एका पिढीनं मनात धरली. पुढं क्षेत्र कमी करून ते सुमारे 1,222 चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. पण पक्ष्याच्या नावानं आणखी काही येतंय म्हटलं की गावात आजही पहिली शंका येते ती सातबाऱ्याची. गवत परत आणायचं काम करताना ही शंका आधी फेडली पाहिजे. गवत आलं म्हणून कुणाच्या जमिनीवर नवा शिक्का पडणार नाही, हे तोंडी नाही तर लेखी सांगावं लागेल.

झुडपात कोण राहतंय

आता लांडगा. वन्यजीव संरक्षण कायद्यात तो अनुसूची एकमध्ये आहे, म्हणजे वाघाइतकंच संरक्षण. देशभरात मिळून लांडगे तीन हजारांच्या आसपास असल्याचा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. वाघांची संख्या त्याहून जास्त आहे, हे ऐकून अनेकांना धक्का बसतो. वाघाला राखीव जंगल आहे. लांडगा राहतो माळावर, गायरानात, शेताच्या कडेला, म्हणजे आपल्यातच.

लांडग्याला दोन गोष्टी लागतात. शिकारीला उघडं रान आणि दिवसा पडून राहायला, पिल्लं घालायला आडोसा. पूर्वी हा आडोसा ओघळीच्या कडा, खडकाच्या कपारी, बोराटी, हेकळ, तरवड, हिवर यांच्या झुडपांतून मिळायचा. ओघळी सपाट झाल्या, बोराटी सरपणाला गेली, माळाची शेतं झाली. उरलं काय? येडी बाभळीचं बेट आणि जुनी रोपवनं. झाड परदेशी आहे की देशी हे लांडग्याला कळत नाही. दुपारी माणूस तिथं शिरत नाही, एवढं त्याला कळतं आणि पुरतं.

गुजरातच्या भावनगर जिल्ह्यात वेळावदरचं काळवीट राष्ट्रीय उद्यान आहे. गवताळ रान म्हणून ते नावाजलेलं, हिवाळ्यात भोवत्या पक्षी तिथं मोठ्या संख्येनं मुक्कामाला येतात. तिथंही येडी बाभळ गवत खात होती. पण त्या भागात लांडग्यांचा अभ्यास झाला तेव्हा दिसलं की लांडगे दिवसाच्या विश्रांतीला आणि पिल्लांसाठी याच बाभळीच्या झुडपांचा आधार घेतात.

नान्नज परिसरातल्या लांडग्यांवर अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या संशोधकांनी काम केलंय. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचा विषयच होता दख्खनच्या पठारावर लांडगे बीळ कसं आणि का बदलतात हा. त्रास झाला की मादी पिल्लं तोंडात धरून दुसरीकडे नेते. सोपी वाटणारी ही गोष्ट पिल्लांच्या जिवावर बेतते. नवी जागा वस्तीजवळ असू शकते, रस्ता ओलांडून असू शकते, कुत्र्यांच्या वाटेवर असू शकते. बिळात धूर करून पिल्लं मारल्याचे प्रकार देशात ठिकठिकाणी झालेले आहेत. मोकाट कुत्र्यांकडून लांडग्यांना रेबीज आणि डिस्टेंपरचा धोका आहे तो वेगळाच. पुणे जिल्ह्यात तर लांडगा आणि कुत्र्याचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीत पुढं आलं. आडोसा गेला की लांडगा कुत्र्याच्या आणखी जवळ ढकलला जातो.

मेंढपाळाला लांडगा आवडतो असं कुणी म्हणणार नाही. पण धनगरांमध्ये लांडग्यानं नेलेल्या मेंढराला 'त्याचा वाटा' म्हणायची जुनी रीत आहे. नुकसानीला शासनाची भरपाईही आहे, ती वेळेवर मिळत नाही ही तक्रार वेगळी. शेतकऱ्यासाठी हिशेब आणखी निराळा. काळविटांचे कळप ज्वारीत, हरभऱ्यात उतरतात तेव्हा त्यांना माळावर थोपवणारं जनावर लांडगा सोडून दुसरं नाही.

महिना चुकला की सगळं चुकलं

लांडग्याची पिल्लं आपल्याकडे साधारण हिवाळ्याच्या सुरुवातीला, नोव्हेंबर ते जानेवारीच्या दरम्यान जन्माला येतात. पुढचे दोन-अडीच महिने ती बिळाच्या आसपासच असतात. पावसाळा माळढोकाचा आणि जमिनीवर अंडी घालणाऱ्या इतर पाखरांचा. चंडोल, धाविक यांची वीण तर उन्हाळ्यातच सुरू होते. येडी बाभळीच्या शेंगा उन्हाळ्यात पिकून गळतात, त्या गळण्याआधी झाड काढलं तर बी कमी पडतं. हे सगळं एका कागदावर मांडलं तर मोकळा काळ राहतो फेब्रुवारीअखेर ते एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत. जेमतेम दीड महिना.

योगायोगानं हाच मार्चअखेरचा काळ. म्हणजे काम बसवायला सोपं, असं वाटेल. पण ग्रामीण भागात मार्चअखेरचं काम कसं होतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. निधी उशिरा पडतो, बिलं 31 तारखेच्या आत निघायला हवीत, मग दोन जेसीबी लावून आठवड्यात रान सपाट. कुठं बीळ आहे, कुठं तरस पडून असतं, कुठं खोकडाची पिल्लं आहेत हे बघायला वेळच उरत नाही. मोजणी होते ती हेक्टरमध्ये, किती साफ केलं याची. दोन वर्षांनी तिथं गवत आलं का, याचं मोजमाप कुठल्या पुस्तिकेत चढत नाही.

खरं तर बिळांची पाहणी डिसेंबर-जानेवारीत व्हायला हवी. त्याला शास्त्रज्ञच लागतो असं नाही. वनरक्षक आणि दोन मेंढपाळ सोबत फिरले तर आठवडाभरात कळतं कुठल्या बेटाला हात लावायचा नाही. ती बेटं राखून बाकीचं पट्ट्यापट्ट्यानं काढायचं. राखलेल्या बेटाच्या कडेला बोराटी, हेकळ, तरवड वाढू द्यायची आणि ती अंगाला आली की मग आतली बाभळ काढायची. म्हणजे आडोसा मोडत नाही, फक्त बदलतो. याला चार-पाच वर्षं लागतात. निविदा चार महिन्यांची असते. खरी अडचण इथं आहे.

अमेरिकेनं ही चूक करून पाहिलीय. तिथल्या नैऋत्य भागात नदीकाठी टॅमरिस्क नावाचं परदेशी झुडूप माजलं होतं. ते खायला 2001 मध्ये एक भुंगेरा मुद्दाम सोडला. भुंगेऱ्यानं काम चोख केलं. पण वाळुंज जातीची देशी झाडं आधीच कमी झाल्यानं एक दुर्मिळ माशीमार पक्षी त्याच टॅमरिस्कवर घरटी करू लागला होता. पाला गेला तशी घरट्यांवरची सावलीही गेली. 2010 मध्ये तिथल्या कृषी खात्याला तो कार्यक्रम थांबवावा लागला. झुडूप वाईटच होतं. पण त्या जागी दुसरं काही उभं राहण्याआधी ते गेलं.

नुसतं तोडून भागत नाही

येडी बाभळ वरून तोडली की बुंध्यातून दहा फुटवे येतात आणि पुढच्या वर्षी झुडूप आधीपेक्षा दाट होतं. मुळासकट काढावी लागते. जेसीबीनं काढली तर माती उलथते, मातीत पडून राहिलेलं बी वर येतं आणि पावसात रोपांचा गालिचा उगवतो. ती रोपं पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांत हातानं उपटावी लागतात. तेवढं केलं नाही तर मोकळ्या मातीत पहिलं येतं ते गाजर गवत. पुण्यात 1950 च्या दशकात दिसलेलं हे तण आता कुठं नाही? परदेशी झाड काढून परदेशी तण आणलं, एवढंच मग हाती लागतं. मृगाच्या आधी पवन्या, मारवेल, डोंगरी गवताचं बी टाकणं आणि एक-दोन हंगाम चराई थांबवणं हा कामाचा अर्धा भाग आहे. अंदाजपत्रकात मात्र बहुतेक वेळा पहिलाच अर्धा असतो.

चराई थांबवायची तर मेंढरं न्यायची कुठं, हे त्याच बैठकीत ठरलं पाहिजे. सगळा माळ एकदम बंद केला तर कुंपण रात्रीतून तुटणार. तुकड्या-तुकड्यानं बंद केला तर मेंढपाळच राखण करतील, कारण पुढच्या वर्षीचा चारा त्यांचाच आहे.

सरपणाचंही तसंच. ज्याला शेत नाही त्याची चूल याच बाभळीवर पेटते. गॅसची टाकी घरात आहे, पण दुसऱ्यांदा भरायला पैसे नाहीत, अशी घरं प्रत्येक वाडीत सापडतील. वीटभट्टीला आणि कोळशाच्या भट्टीला हेच लाकूड जातं. कच्छच्या बन्नीत 1961 पासून सरकारनंच ही बाभळ हजारो हेक्टरवर लावली आणि सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरचं ते नामांकित कुरण निम्म्याहून अधिक तिच्याखाली गेलं. मग कोळशासाठी तोडायची परवानगी दिली. अट होती मुळासकट काढायची, पण झाली वरवरची तोड, आणि देशी झाडंही भट्टीत गेली. शेवटी परवानगी मागं घ्यावी लागली. ठेकेदाराला लाकूड हवं असतं, मूळ नको असतं. म्हणून हे काम ठेक्यानं देण्यापेक्षा रोजगार हमीतून, त्याच गावच्या मजुरांकडून, लाकूड त्यांनाच देऊन केलं तर मूळ निघण्याची शक्यता जास्त. पैसे मात्र मूळ निघाल्यावर द्यायचे, फांदी तोडल्यावर नाही.

अभयारण्याबाहेरच्या माळाचं काय, हा प्रश्न राहतोच. लांडग्यांचा वावर जास्त आहे तो गायरानात, महसुली पडीत आणि खासगी माळावर. तिथं वन विभागाचा हात पोचत नाही, पण ग्रामपंचायतीचा पोचतो. जैविक विविधता कायदा 2002 नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिची लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. बहुतेक गावांत ही समिती आहे ती कागदावर. नोंदवह्या कुठल्या तरी संस्थेनं भरून दिल्यात आणि त्या कपाटात आहेत. त्या नोंदवहीत 'लांडगा : आढळतो' एवढीच ओळ असेल तर तिचा उपयोग नाही. कुठल्या गटातल्या झुडपात, कुठल्या ओघळीत, कोणत्या महिन्यात, हे त्यात आलं तर जेसीबी लागण्याआधी ग्रामसभेला बोट ठेवायला जागा मिळते. बिळाचा पत्ता नोंदवहीत लिहिणं धोक्याचं, असंही काही जाणकार म्हणतात, आणि ते खोटं नाही. पिल्लं उचलणारे आहेत. त्यासाठी गट नंबर समितीकडे आणि वनपालाकडे ठेवायचा, चावडीवर लावायचा नाही, एवढी काळजी पुरे.

यंदाच्या हिवाळ्यात उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा आणि करमाळ्यातल्या किती ग्रामपंचायती ही नोंद करतात, यावर फेब्रुवारीत कुठली बेटं राहतील आणि कुठली जातील ते ठरेल. दिवाळीनंतरच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यायला कुणाच्या मंजुरीची गरज नाही. सरपंचाला लेखी अर्ज दिला की पुरतं.